झाडाला बांधलेली काच

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत कर्वेनगरच्या एका भगिनींचं पत्र वाचलं. रस्त्यावर लोंबणाऱ्या केबलीत त्यांच्या मुलाच्या स्कूटरचं हँडल अडकलं, तो पडला आणि त्याचं मनगट मोडलं. या सगळ्या केबली एकदाच कापून टाका, असं त्यांनी शेवटी लिहिलंय. आईने दुसरं काय लिहायचं? पण मी 36 वर्षं टेलिफोनच्या खात्यात केबल जॉइंटर होतो. तुटलेल्या केबली जोडण्यातच माझी नोकरी गेली. म्हणून थोडं लांबलं तरी लिहितो, शक्य झाल्यास पूर्ण छापावं.

कापून हे सुटणार नाही. केबल कापली की तिची दोन टोकं होतात आणि दोन्ही लोंबतात. चालू केबल असेल तर दुसऱ्या दिवशी तिच्यावरूनच नवीन टाकली जाते. जुनी कोणी काढत नाही. म्हणजे आधी एक होती तिथे आता दोन, आणि दोन्हींना धरायला काहीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की केबल हा अर्धाच माल आहे. तिला धरणारं सामान, म्हणजे क्लॅम्प, खांबावरची पट्टी, जॉइंटचा डबा, जमिनीतला पाइप, चेंबर, हा उरलेला अर्धा. पुण्यात आपण पहिला अर्धा टाकत सुटलोय आणि दुसरा टाकतच नाही.

आमची गल्ली सहकारनगरात, अरण्येश्वराच्या बाजूला. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात मांडवाचे बांबू घेऊन एक टेम्पो गल्लीत शिरला. बांबू तिरके बांधलेले, टोकं वर. गल्लीच्या तोंडाशी दिव्याच्या खांबापासून समोरच्या गुलमोहरापर्यंत एक काळी केबल जाते. मध्ये ती इतकी खाली आलेली होती की उंच माणसाने हात वर केला तर लागावी. बांबूचं टोक तीत अडकलं, ड्रायव्हरला कळलंच नाही. गुलमोहराची फांदी कडकड वाजली आणि केबल मधोमध तुटली. चार इमारतींचं इंटरनेट गेलं. शेजारच्या मुलीची दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरीची मुलाखत होती, ती रडकुंडीला आलेली. तळमजल्यावरच्या आजींचा मुलगा रोज रात्री कॅनडातून फोन करतो, त्या खिडकीत येऊन बसल्या.

रात्री साडेनऊला कंपनीचा मुलगा आला. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल, बीडकडचा. पाठीवर स्प्लायसिंग मशीनची, म्हणजे केबलीतले काचेचे धागे जोडायच्या यंत्राची बॅग, एक शिडी, आणि सोबतीला कोणी नाही. पाऊस लागलेला. मी खाली गेलो, घरातलं घडीचं टेबल काढून दिलं, बॅटरीचा दिवा दिला आणि छत्री धरून उभा राहिलो. मी जॉइंटर होतो हे त्याला सांगितल्यावर तो जरा मोकळा झाला.

ती केबल 12 फायबरची, म्हणजे आत 12 काचेचे धागे असलेली होती. तुटलेली टोकं समोरासमोर आणली तर मध्ये अंतर राहत होतं. का, तर कुठेच लूप ठेवलेला नव्हता. केबल टाकताना प्रत्येक जॉइंटपाशी आणि काही खांबांआड दहा-पंधरा मीटर जास्तीची केबल गुंडाळून ठेवायची असते. पुढेमागे तुटली तर तीच ओढून घ्यायची आणि एका ठिकाणी जोडायची. इथे लूप नसल्यामुळे मध्ये नवा तुकडा घालावा लागला. तुकडा घातला की जोड एकाऐवजी दोन ठिकाणी, आणि 12 फायबरऐवजी 24 फायबर वितळवून जोडायचे. ज्याने पहिल्यांदा केबल टाकली त्याने दहा-पंधरा मीटर वाचवले. ते त्या रात्री या मुलाच्या झोपेतून वसूल झाले. काम पहाटे अडीचला संपलं.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण इंटरनेट म्हणजे हवेतून येणारं काहीतरी असा अनेकांचा समज आहे. फायबर म्हणजे काचेचा धागा. तिची जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही प्रकाश चालतो तो मधल्या 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. वरचं रंगीत आवरण चिमट्याने सोलायचं, उघडी काच अल्कोहोलच्या फडक्याने पुसायची, क्लीव्हरने टोक अगदी सरळ छाटायचं, आणि दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीन ती स्वतः जुळवतं, विजेची ठिणगी सोडतं आणि काच काचेत वितळते. वर एक नळी चढवून तापवली की जोड झाकला. रंगांचा क्रम ठरलेला असतो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिरोजी. तो मुलगा प्रत्येक वेळी हा क्रम पाढ्यासारखा पुटपुटत होता. आम्हीही असंच करायचो. एक रंग चुकला तर एकाचं कनेक्शन दुसऱ्याच्या घरी जातं.

हात चांगला होता त्याचा. बहुतेक जोड 0.02, 0.03 डीबीचे आले, म्हणजे जोडात प्रकाश जवळजवळ वाया जात नव्हता. भर पावसात, टेबलावर, एका दिव्याच्या उजेडात! मी त्याला फक्त एकदा टोकलं. छाटलेले काचेचे तुकडे तो फुटपाथवर टाकत होता. ते डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, पण कातडीत शिरले की आत मोडतात आणि काढणं कठीण होतं. माझ्या एका सहकाऱ्याच्या बोटात असा तुकडा राहिला होता, बोट सुजून चिरावं लागलं. सकाळी त्याच फुटपाथवर पोरं अनवाणी खेळतात. मी झाकणाची एक बरणी आणून दिली. “काका, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही,” तो म्हणाला. त्यानंतर एकेक तुकडा टेपला चिकटवून बरणीत टाकत गेला.

पहाटे खरी अडचण आली ती सामानाची. जोड झाले, आता ते ठेवायचे कशात? जॉइंट क्लोजर म्हणजे जाड प्लॅस्टिकचा, रबरी गॅस्केटचा बंद डबा. केबल आत शिरते तिथे तिच्या पोटातला मजबुतीचा दांडा स्क्रूने आवळायची सोय असते, आणि आत फायबर मोठ्या वळणाने फिरवून ठेवायचे ट्रे असतात. दांडा आवळला नाही तर बाहेरची ओढ थेट काचेवर येते. काचेला ओढ सोसत नाही, पाणी लागलेल्या काचेला तर मुळीच नाही. ताण आणि ओल एकत्र आली की काचेतली डोळ्यांना न दिसणारी भेग हळूहळू वाढत जाते आणि सहा महिन्यांनी कोणीही हात न लावता फायबर तुटतो. मग कंपनी म्हणते, आपोआप गेलं.

दोन जोडांसाठी दोन क्लोजर हवे होते. त्याच्याकडे एक होता, तोही जुना, चारातले दोन बोल्ट गायब. दुसऱ्या जोडाला त्याने टेप गुंडाळली, वर दुधाची पिशवी बांधली, आणि बाइंडिंगच्या तारेने ते गाठोडं गुलमोहराला आवळलं. मी विचारलं, “अरे, खांबावर पट्टी मारून क्लॅम्प का लावत नाहीस?” तो म्हणाला, “काका, क्लॅम्प मागितला की सुपरवायझर म्हणतो, झाड आहे ना तिथं, त्याला बांध. आम्हाला लाइन चालू केल्याचे पैसे मिळतात, क्लॅम्प लावल्याचे नाही.”

या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो. मुलाचा दोष नाही. त्याला काम येतं. त्याच्याकडे कंबरेला पट्टा नव्हता, डोळ्यांना चष्मा नव्हता, आणि तरीही त्याने पावसात 24 जोड नीट केले. ज्याने सामानाची यादी केली त्याने क्लॅम्प खोडला. ज्याने बिल मंजूर केलं त्याने जागेवर येऊन पाहिलं नाही.

केबल वर बांधायची तर त्याची एक रीत आहे, ती आम्हाला खात्यात शिकवली होती. दोन खांबांच्या मध्ये तिला थोडा झोल ठेवायचा. अगदी ताणायची नाही, फार सोडायची नाही. ऊन-थंडी आणि वारा त्या झोलात मावायला हवा. ज्या खांबावर केबल संपते किंवा वळते तिथे ओढ घेणारा क्लॅम्प लावायचा, मधल्या खांबांवर नुसता आधार देणारा. क्लॅम्पमध्ये केबलीचं आवरण लांबवर पकडलं जातं, एका बिंदूवर दाब येत नाही. बारीक तारेने किंवा प्लॅस्टिकच्या टायने करकचून बांधली की त्या जागी आतल्या काचेला बारीक बारीक मुरड पडते आणि प्रकाश तिथून निसटायला लागतो. तिथे केबल तुटत नाही, नुसती अशक्त होते. मग लोक तक्रार करतात की रात्री चालतं, दुपारी चालत नाही, आणि कंपनी राउटर बदलून देते.

घरातही हेच घडतं. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांच्या घरी मोडेमवर लाल दिवा यायचा, जायचा. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला होता. मी गेलो तर कपाटामागे पांढरी बारीक वायर भिंत आणि कपाट यांच्यामध्ये चेपलेली. त्या वायरीत लाल उजेड सोडायचं एक पेन मिळतं, माझ्याकडे अजून आहे. सोडल्याबरोबर चेपलेल्या जागी वायर कंदिलासारखी लाल दिसायला लागली. जो प्रकाश पुढे जायचा तो तिथून बाहेर सांडत होता. कपाट चार बोटं पुढे ओढलं, वायर सैल वळणाने फिरवली, तो लाल दिवा परत आला नाही. वाचकांनी आपल्या घरात एवढं जरूर पाहावं. वायरीचं वळण पेल्याच्या तोंडापेक्षा लहान नको. आणि उघड्या टोकात कधीही डोळा लावून पाहू नका. त्यातला कामाचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

मी 1984 साली खात्यात लागलो तेव्हा शहरात शिशाच्या आवरणाच्या केबली होत्या, आत कागद गुंडाळलेलं तांबं. जोड झाला की त्यावर शिशाची नळी बसवायची आणि वितळलेल्या शिशा-कथलाने तिची तोंडं हाताने, फडक्याने फिरवून बंद करायची. पाणी शिरू नये म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमधून केबलीत कोरडी हवा भरून ठेवलेली असायची. एका जोडाला आमचा अख्खा दिवस जायचा. आमचे मुकादम म्हणायचे, तार कुणीही जोडेल, जोड झाकणारा तो जॉइंटर. ते आम्हाला अभिमानाने आणखी एक गोष्ट सांगायचे. एकाच शहरातल्या एक्स्चेंजना जोडणारी देशातली पहिली फायबर यंत्रणा 1979 मध्ये चालू झाली ती आपल्या पुण्यात. मुंबईत नाही, दिल्लीत नाही. ज्या गावाने देशाला फायबर दाखवलं त्या गावात आज ती दुधाच्या पिशवीत गुंडाळून झाडाला बांधलेली पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं.

सामानाने काय फरक पडतो ते मी 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीनंतर डोळ्यांनी पाहिलं. आंबिल ओढ्याला पूर आला ती रात्र आमच्या भागातलं कोणी विसरणार नाही. माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. त्यापुढे केबलीचं दुःख काहीच नव्हे. पण आमचं काम केबलीचं होतं, आणि त्या दिवसांत माणसांना एकमेकांची खबर लागणंही गरजेचं होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. चेंबर काठोकाठ चिखलाने भरलेले. पंप लावून, घमेल्यांनी गाळ काढून आम्ही क्लोजर वर काढले. एका चेंबरमध्ये दोन क्लोजर शेजारी शेजारी होते, वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकाचं गॅस्केट नीट बसवलेलं, बोल्ट सगळे आवळलेले, केबलीच्या तोंडाशी आकसणारी नळी तापवून घट्ट केलेली. वरचा चिखल धुऊन उघडला, आत धूळसुद्धा नव्हती. ओल शोषणारी पुडी कोरडी होती. दुसऱ्यात केबलीच्या तोंडाशी नुसती काळी टेप होती. तो उघडला तर आतून पेलाभर गढूळ पाणी निघालं, ट्रेमध्ये गाळ बसलेला. चेंबर एकच, पूर एकच, पाणीही तेवढंच. पहिला आम्ही परत बंद करून ठेवला, दुसऱ्याचे सगळे जोड नव्याने करावे लागले.

आता जमिनीखालच्या कामाबद्दल, कारण खरी जागा तीच आहे. मोकळ्या जमिनीत फायबरच्या चराची आमची ठरलेली खोली 1.65 मीटर होती. शहरात इतकं खाली जाणं जमतंच असं नाही. मध्ये पाण्याची लाइन, ड्रेनेज, विजेची केबल, आता गॅसही. कमी खोलीवर जावं लागलं तर वरून लोखंडी किंवा सिमेंटच्या पाइपचं संरक्षण द्यायचं असा दंडक होता. केबल सरळ मातीत नसते. आधी 40 मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा डक्ट टाकतात. त्याची आतली बाजू गुळगुळीत, कायम वंगण दिल्यासारखी. तो दोन चेंबरांमध्ये पुरला की कॉम्प्रेसरने एका टोकाकडून हवा सोडून स्पंजाचा तुकडा आणि मग एक लाकडी गोळा दुसऱ्या टोकाला पोचतो का ते पाहायचं. पोचला नाही तर मध्ये कुठेतरी पाइप चेपलाय, तिथे परत खणायचं. पोचला तर त्याच हवेच्या जोराने केबल आत सोडायची, एका दमात किलोमीटरभरही जाते. पाहायला फार सुंदर काम आहे ते. चर बुजवलेला, वर वाहनं चाललेली, आणि खालून केबल सरसर पुढे चाललेली. शेवटी डक्टची तोंडं बुचांनी बंद करायची, नाहीतर घुशी आणि उंदीर आत शिरून केबल कुरतडतात.

यातला मोलाचा भाग हा की डक्ट एकदा पुरला की केबल कधीही बदलता येते. जुनी ओढून काढा, नवी फुंकून आत सोडा, रस्ता खणायला नको. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते होत असताना दोन्ही कडांना चार-सहा रिकामे डक्ट आणि ठरावीक अंतरावर चेंबर टाकून ठेवले, आणि जी कंपनी येईल तिला त्यातला एक भाड्याने दिला, तर पुढची कितीतरी वर्षं त्या रस्त्यावर कुदळ पडायचं कारण उरणार नाही. रस्ता उघडा असताना डक्ट टाकायला लागतो तो पाइप आणि थोडी मजुरी. सिमेंट सुकल्यावर तोच डक्ट टाकायचा तर रस्ता कापावा लागतो किंवा आडवं बोअरिंग करावं लागतं. बोअरिंगवाल्याला खाली काय आहे हे माहीत नसेल तर पाण्याची नाहीतर ड्रेनेजची लाइन फुटते, आणि केबलीपायी त्रास सगळ्या परिसराला होतो. खोदण्याआधी खाली कोणाची लाइन आहे ते विचारण्यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलंय. प्रत्येक कंत्राटदाराने ते वापरलंच पाहिजे. पण ॲपमध्ये दिसायला आधी कोणीतरी नोंद केलेली असावी लागते. आमच्या वेळी जॉइंट बंद करण्याआधी वहीत लिहायचो: कोणत्या भिंतीपासून किती मीटर, किती खोल, लूप किती. फायबरमध्ये प्रकाश सोडून बिघाड शोधणारं ओटीडीआर मशीन सांगतं की बिघाड इतक्या मीटरवर आहे, पण ते मीटर काचेचे, रस्त्याचे नव्हेत. वाटेत किती लूप गुंडाळलाय हे वहीत नसेल तर माणूस भलत्याच घरासमोर खड्डा घेतो. वही हेही सामानच.

आता त्या गल्लीच्या तोंडावरच्या खांबाकडे परत येतो. गेल्या महिन्यात मी खाली उभा राहून त्यावरच्या केबली मोजल्या, दुर्बीण लावून. 19 निघाल्या. नावाची पट्टी 3 वर. उरलेल्या 16 कोणाच्या, चालू की मेलेल्या, हे सांगणारा कोणी नाही. पाच-सहांची टोकं तर मला दिसली, तुटून तशीच गुंडाळलेली. त्या मेलेल्या आहेत हे नक्की, तरी खांब त्यांचं ओझं वाहतोय. यातल्या काहींच्या बाजूला आधारासाठी पोलादी तार असते. फायबरमधून वीज जात नाही, पण ही तार विजेच्या लाइनला टेकली तर तिच्यातून जाते. शाळेची मुलं त्या खांबाला टेकून रिक्षाची वाट पाहतात.

आणि झाड. त्या गुलमोहराच्या एका जाड फांदीवर चार-पाच वर्षांपूर्वीची बाइंडिंगची तार आहे. फांदी वाढली, तार वाढली नाही. आता ती सालीत पूर्ण रुतलीय, वरून फक्त खाच दिसते. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतून खाली उतरतं. चहूबाजूंनी तार रुतली की ती वाट बंद होते आणि फांदी मरते. आमची ती फांदी यंदा फुललीच नाही. राज्यात 1975 पासून शहरातल्या झाडांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा आहे. केबल बांधायला झाड ही जागाच नव्हे, हे कंपन्यांना लेखी कळवायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहायला नको.

म्हणून कर्वेनगरच्या भगिनींना आणि हे पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की सरसकट कापणी करू नका. आधी प्रत्येक कंपनीला मुदत द्या: आपल्या केबलीवर प्रत्येक खांबाशी नाव आणि तक्रारीचा फोन लिहिलेली पट्टी लावा. मुदत संपली की जिच्यावर पट्टी नाही ती बेवारस. ती कापा, पण नुसती मधून कापून सोडू नका, या खांबापासून त्या खांबापर्यंत पूर्ण उतरवून न्या. परवानगी देताना केबल किती मीटर एवढंच न विचारता क्लॅम्प किती, क्लोजर किती, लूप कुठे हेही विचारा, आणि बिल देण्याआधी एका माणसाने शिडी लावून वर पाहावं. आणि कंपन्यांनो, त्या मुलांना लाइन चालू केल्याचे पैसे देता तसे ती नीट बसवल्याचेही द्या. त्यांना पट्टा द्या, चष्मा द्या, काचेचे तुकडे टाकायला डबी द्या. ती मुलं हुशार आहेत. मी एका रात्रीत पाहिलं.

सोसायट्यांनाही एक सांगायचंय. नवीन कनेक्शन घेताना आपण वेग आणि दर विचारतो. त्याबरोबर केबल इमारतीत कुठून आणणार, कशाला बांधणार, हेही विचारा. गच्चीवरून भिंतीवर सोडलेली केबल पावसाळ्यात पाणी घरात आणते. जिन्याजवळ एक पाइप उभा करून घ्या, प्रत्येक मजल्यावर एक पेटी ठेवा, आणि कोणतीही कंपनी आली तरी तिला त्याच पाइपातून यायला सांगा. आमच्या सोसायटीने गेल्या दिवाळीत हे केलं. तेव्हापासून भिंतीवरून एकही नवीन केबल लोंबलेली नाही, आणि जुन्या सात आम्ही त्या त्या कंपनीला बोलावून उतरवून घेतल्या. त्यातल्या चार कोणाच्याही वापरात नव्हत्या.

गुलमोहरावरचं ते दुधाच्या पिशवीचं गाठोडं मात्र अजून तसंच आहे. पिशवी उन्हाने फाटलीय, टेपची कड सुटलीय. आत 12 जोड आहेत, त्यांवर चार इमारती चालतात. मी त्या कंपनीला दोनदा फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, माणूस आला नाही. मृग लागण्याआधी तिथे खांबावर एक पट्टी, दोन क्लॅम्प आणि एक धड क्लोजर लागला पाहिजे. ज्यांची ती केबल आहे त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर माणूस पाठवावा. मी रोज सकाळी सात ते नऊ त्या झाडाखालच्या कट्ट्यावर असतो. शिडी धरायला आणि दिवा दाखवायला येईन.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर
सहकारनगर, पुणे